डेटा सेंटरचे जाळे : बिघाड गृहीत धरून केलेली रचना

बँकेचा व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, शाळेचा निकाल, जमिनीचा उतारा, रुग्णालयातील चाचणीचा अहवाल यांपैकी काहीही आज मोबाइलवर मागितले, की ती मागणी कुठल्या तरी डेटा सेंटरपर्यंत जाते. डेटा सेंटर म्हणजे हजारो सर्व्हर एकत्र ठेवून त्यांना अखंड वीज, थंड हवा आणि परस्परांशी बोलण्यासाठी जाळे पुरवणारी इमारत. वीज आणि हवा यांची कल्पना आपल्याला सहज करता येते. जाळ्याची मात्र येत नाही. कारण ते चालू असते तेव्हा कुणाच्या नजरेत येत नाही आणि बंद पडते तेव्हा सर्व्हर धडधाकट असूनही सगळे ठप्प होते.

हे जाळे कसे आखले जाते, कसे उभारले जाते आणि गेल्या दोन दशकांत त्याची रचना का बदलली, याचा हा आढावा. या साऱ्या बदलांमागे एक सूत्र आहे. पूर्वी कधीही बंद न पडणारे यंत्र घेण्याकडे कल होता. आता यंत्र बंद पडणारच, हे धरून चालतात आणि ते पडल्यावर किती जणांचे काम अडेल, याचा हिशेब आधी मांडतात.

जुनी रचना : एक खोड, अनेक फांद्या

सर्व्हर लोखंडी कपाटांत एकावर एक रचलेले असतात. या कपाटाला रॅक म्हणतात. प्रत्येक रॅकमध्ये एक किंवा दोन स्विच असतात. रॅकमधील सर्व सर्व्हर त्यांना जोडलेले असतात. जुन्या पद्धतीत असे अनेक स्विच वरच्या थरातील मोठ्या स्विचना आणि ते सर्वांत वरच्या दोन अवाढव्य, महागड्या स्विचना जोडले जात. या तीन थरांना अनुक्रमे ॲक्सेस, ॲग्रिगेशन आणि कोअर अशी नावे होती.

माहितीची ये-जा मुख्यतः बाहेरून आत आणि आतून बाहेर होत होती, तोवर ही रचना पुरली. तंत्रज्ञ या वाहतुकीला उत्तर-दक्षिण म्हणतात. पुढे एका मागणीसाठी डझनावारी, कधी शेकडो सर्व्हर आपसांत बोलू लागले. तिकिटाची एक चौकशी केली, तरी दर, रिकाम्या जागा, ओळख, पैसे आणि नोंद यांसाठी वेगवेगळ्या यंत्रांना विचारावे लागते. सर्व्हर ते सर्व्हर या वाहतुकीला पूर्व-पश्चिम म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांत ती बाहेरच्या वाहतुकीच्या कित्येक पट असते. एका रॅकमधून शेजारच्या रॅकमध्ये जाणारी माहितीही जुन्या रचनेत वरपर्यंत चढून खाली उतरे आणि वरच्या थरात कोंडी होई.

दुसरी अडचण अधिक खोल होती. इथरनेट या पद्धतीत जाळ्यात वर्तुळ तयार झाले, तर माहितीचे तुकडे त्यात अनंत काळ फिरत राहतात. त्यांना थांबवणारा मोजणी-आकडा त्यांच्यावर नसतो. काही क्षणांत सारी क्षमता या भटक्या तुकड्यांनी भरून जाते. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्री ही युक्ती शोधली. स्विच आपसांत बोलून जाळ्याचे झाड ठरवतात आणि वर्तुळ करणारे जादा दुवे झोपवून ठेवतात. युक्ती अत्यंत उपयुक्त होती. पण तिची किंमत अशी, की दोन केबल टाकल्या तरी एकच काम करी. शिवाय झाड ठरवण्याच्या हिशेबात गडबड झाली, तर तिचा फटका एका कोपऱ्यापुरता राहत नसे, सबंध जाळ्याला बसे.

बोस्टनचा धडा

हा धोका किती खरा आहे, हे नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात दिसले. तेथील बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे वर्षानुवर्षे तुकड्या-तुकड्यांनी वाढत गेले होते. स्पॅनिंग ट्रीला झेपेल त्यापलीकडे त्याचा पसारा गेला होता. एका संशोधन-कामातून अचानक प्रचंड माहिती जाळ्यात शिरली, स्विचचा हिशेब कोलमडला आणि सारे जाळे पुन्हापुन्हा बंद पडू लागले. जवळजवळ चार दिवस रुग्णालय कागदावर चालले. तपासणीचे आदेश, औषधांच्या नोंदी, प्रयोगशाळेचे निकाल माणसांनी हातोहात पोचवले. सर्व्हर शाबूत होते, माहितीही शाबूत होती. तिच्यापर्यंत जाण्याची वाट तेवढी उरली नव्हती. पुढे रुग्णालयाने जाळ्याचे स्वतंत्र भाग पाडले, जेणेकरून एका भागातील वादळ दुसऱ्यात शिरू नये.

टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेले उत्तर

आजच्या डेटा सेंटरची रचना ज्या कल्पनेवर उभी आहे, ती संगणक-जाळ्यांच्याही आधीची आहे. १९५३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील चार्ल्स क्लॉस यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक गणित मांडले. प्रश्न साधा होता : कोणत्याही ग्राहकाला दुसऱ्या कोणत्याही मोकळ्या ग्राहकाशी कधीही जोडता यावे, तर एक्स्चेंजमध्ये किती जोडबिंदू हवेत? सरळ चौकट केली, तर १०,००० तारांसाठी १०,००० गुणिले १०,००० म्हणजे १० कोटी जोडबिंदू लागतात. क्लॉस यांनी दाखवले, की एका प्रचंड चौकटीऐवजी लहान चौकटींचे तीन टप्पे केले आणि मधल्या टप्प्यात पुरेशा चौकटी ठेवल्या, तर हेच काम ५९ लाख ७० हजार जोडबिंदूंत होते आणि तरीही कोणाचा कॉल अडत नाही.

अर्धशतकानंतर हेच गणित डेटा सेंटरमध्ये परतले. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील मोहम्मद अल-फारेस, अलेक्झांडर लुकिसास आणि अमीन वाहदत यांनी दाखवले, की बाजारात मिळणारे ४८ पोर्टचे साधे, एकसारखे स्विच क्लॉस यांच्या पद्धतीने जोडले, तर २७,६४८ सर्व्हरना एकमेकांशी पूर्ण वेगाने बोलता येते. त्यासाठी २,८८० स्विच लागतात. पण त्यांतील एकही खास बनवलेला किंवा अवाढव्य नसतो. गूगलने २०१५ मध्ये आपल्या जाळ्यांच्या पिढ्यांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा तीही याच मार्गाने वाढत गेल्याचे स्पष्ट झाले. त्यांच्या ज्युपिटर या रचनेत एक लाख सर्व्हर प्रत्येकी सेकंदाला १० गिगाबिट वेगाने परस्परांशी बोलू शकतील, एवढी क्षमता होती.

लीफ आणि स्पाइन : एक छोटा हिशेब

सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या रूपाला लीफ-स्पाइन म्हणतात. प्रत्येक रॅकवरचा स्विच म्हणजे लीफ, अर्थात पान. मधले स्विच म्हणजे स्पाइन, अर्थात कणा. नियम दोनच : प्रत्येक लीफ प्रत्येक स्पाइनला जोडलेले असते, लीफ लीफला किंवा स्पाइन स्पाइनला जोडलेले नसते. त्यामुळे कोणत्याही रॅकमधून दुसऱ्या कोणत्याही रॅकमध्ये जाताना अंतर सारखेच राहते : वर एका स्पाइनकडे आणि खाली दुसऱ्या लीफकडे.

एक उदाहरण घेऊ. एका लीफला ४८ सर्व्हर प्रत्येकी २५ गिगाबिटने जोडले आहेत. म्हणजे खालची एकूण मागणी १,२०० गिगाबिट. त्याच लीफवरून प्रत्येकी १०० गिगाबिटच्या ६ केबल ६ स्पाइनकडे जातात. म्हणजे वरची क्षमता ६०० गिगाबिट. मागणी आणि क्षमता यांचे प्रमाण येथे २ ला १ आहे. या प्रमाणाला ओव्हरसबस्क्रिप्शन म्हणतात. सर्व सर्व्हर एकाच क्षणी पूर्ण वेगाने बाहेर बोलत नाहीत, या अनुभवावर ते ठरवले जाते. साधी संकेतस्थळे चालवणाऱ्या केंद्रात ३ ला १ चालून जाते. साठवणुकीचे किंवा जड गणनेचे काम असेल, तर १ ला १ लागते.

आता बिघाडाचा हिशेब. स्पाइन दोनच असतील आणि एक गेला, तर निम्मी क्षमता जाते. सहा असतील आणि एक गेला, तर सहावा हिस्सा जातो. लोकांना बहुधा कळतही नाही. म्हणून दोन मोठ्या स्पाइनपेक्षा सहा-आठ लहान स्पाइन बरे. दुरुस्तीसाठी किंवा सॉफ्टवेअर बदलण्यासाठी एक स्पाइन भर दुपारी बाजूला काढता येतो, हा त्याचा रोजच्या कामातील फायदा.

वाढीची मर्यादाही याच हिशेबात दिसते. स्पाइनला ३२ पोर्ट असतील, तर जास्तीत जास्त ३२ लीफ आणि १,५३६ सर्व्हर बसतात. त्यापुढे जायचे, तर काही रॅकचा एक गट करून अशा गटांना जोडणारा आणखी एक थर घालावा लागतो. फेसबुकने २०१४ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील अल्टूना येथे उभारलेल्या केंद्रात ४८ रॅक आणि ४ स्विच असा एक गट धरला होता. केंद्र वाढवायचे, तर असाच आणखी एक गट आणून जोडायचा. आधीच्या गटांना हात लावायचा नाही.

वाट कोण ठरवते?

सहा समान वाटा उपलब्ध असताना कोणत्या पॅकेटने कोणती वाट धरावी? स्विच पॅकेटवरील पाच गोष्टी पाहतो : पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोघांचे पोर्ट क्रमांक आणि संवादाचा प्रकार. या पाचांवरून गणिताने एक आकडा काढून तो वाट निवडतो. एका संवादातील सर्व पॅकेटांसाठी आकडा तोच येत असल्याने ती एकाच वाटेने, क्रमाने पोचतात. वेगवेगळे संवाद मात्र सर्व वाटांवर विखुरतात. स्पॅनिंग ट्रीमध्ये निजलेल्या केबल येथे सगळ्या जाग्या असतात.

कोणत्या वाटा जिवंत आहेत, हे स्विच एकमेकांना सांगत राहतात. त्यासाठी मोठ्या केंद्रांत बीजीपी ही भाषा वापरतात. ती १९८९ मध्ये वेगवेगळ्या संस्थांची जाळी परस्परांना जोडण्यासाठी जन्मली. एकाच इमारतीत ती वापरण्याची कल्पना पूर्वी विचित्र वाटली असती. परंतु ती साधी आहे, लाखो पत्ते पेलते आणि एका ठिकाणची गडबड दुसरीकडे कितपत पसरू द्यायची, यावर नियंत्रण देते. मोठ्या डेटा सेंटरमध्ये ती कशी वापरावी, याचे मार्गदर्शक टिपण इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने २०१६ मध्ये प्रसिद्ध केले.

एकाच केंद्रात अनेक ग्राहकांची कामे चालतात. त्यांना परस्परांचा वाराही लागता कामा नये. जुन्या व्हीलॅन पद्धतीत असे ४,०९४ वेगळे कप्पे करता येत. क्लाउड सेवांना ते अपुरे पडले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन पद्धतीत ही संख्या १ कोटी ६७ लाखांवर गेली. यात ग्राहकाचे पॅकेट दुसऱ्या पॅकेटच्या पाकिटात घालून पाठवतात. मधले स्पाइन बाहेरचा पत्ता तेवढा वाचतात. आत कोणाचे काय आहे, हे त्यांना माहीत असण्याची गरज नसते.

कागदावरून जमिनीवर

आराखडा कितीही चांगला असला, तरी उभारणीतील लहान चुका तो निकामी करतात. काही गोष्टींकडे अनुभवी माणसे पहिल्यांदा पाहतात.

पहिली गोष्ट केबल. रॅकच्या आत, साधारण तीन मीटरपर्यंत, तांब्याची केबल स्वस्त पडते आणि वीजही कमी खाते. त्यापुढे फायबर लागते. सुमारे शंभर मीटरपर्यंत मल्टिमोड आणि त्याहून लांब सिंगलमोड. फायबर ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वाकवली, तर प्रकाश गळतो. तिच्या टोकावर धुळीचा कण बसला, तरी दुवा अधूनमधून चुकतो; आणि पूर्ण तुटलेल्या दुव्यापेक्षा असा अर्धवट चालणारा दुवा शोधणे कठीण असते. म्हणून जोडण्यापूर्वी प्रत्येक टोक तपासून पुसणे आणि केबलच्या दोन्ही टोकांना ठळक पट्टी लावणे हे काम कंटाळवाणे असले, तरी टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट वीज आणि हवा. प्रत्येक स्विचला दोन वीजपुरवठे असतात. ते दोन वेगळ्या वाहिन्यांवर असले, तरच त्यांना अर्थ. दोन्ही प्लग एकाच पट्टीत खोचलेले असतील, तर दुसरा असून नसल्यासारखा. केंद्रात थंड हवेची आणि गरम हवेची अशा वेगवेगळ्या गल्ल्या असतात. स्विचचे पंखे उलट दिशेचे मागवले गेले, तर तो गरम गल्लीतील हवा ओढून तापत राहतो.

तिसरी गोष्ट इमारतीबाहेरची. दोन कंपन्यांकडून दोन जोडण्या घेतल्या, म्हणजे सुरक्षितता आली असे मानले जाते. त्या दोघांच्या केबल एकाच चरातून जात असतील, तर जेसीबीचा एक फावडा दोन्ही तोडतो. पावसाळ्यापूर्वी रस्ते खोदले जाताना हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. म्हणून दोन जोडण्यांचे भूमिगत मार्ग नकाशावर पाहून वेगळे आहेत ना, हे तपासावे लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेला हिशेब

भाषा-प्रारूपे शिकवणाऱ्या केंद्रांत हजारो जीपीयू एकाच गणितावर काम करतात आणि थोड्या थोड्या वेळाने सगळे आपापले उत्तर एकमेकांना देतात. सर्वांत हळू पोचणाऱ्या उत्तरासाठी बाकी सारे थांबतात. मेटा कंपनीने २०२४ मध्ये माहिती दिलेल्या तिच्या दोन समूहांत प्रत्येकी २४,५७६ जीपीयू होते. एवढ्या पसाऱ्यात एक दुवा मंदावला, तरी सर्वांचा वेळ आणि वीज वाया जाते.

येथे वाट निवडण्याची जुनी रीत तोकडी पडते. लाखो लहान संवाद असतील, तर ते सहा वाटांवर बऱ्यापैकी समान पसरतात. संवाद मोजकेच, पण प्रचंड असतील, तर त्यांतील दोन एकाच वाटेवर येऊन आदळण्याची आणि शेजारची वाट ओस पडण्याची शक्यता वाढते. म्हणून एकाच संवादाची पॅकेटे अनेक वाटांवर पसरवून शेवटी क्रम लावण्याच्या, तसेच गर्दी पाहून वाट बदलण्याच्या पद्धती आता पुढे आल्या आहेत. अशा समूहांसाठी ओव्हरसबस्क्रिप्शन शक्यतो ठेवत नाहीत.

यंत्र वाचले, आज्ञा चुकली

एकेका यंत्राच्या मरणावर अशा रीतीने तोडगा निघाला. उरला माणसाच्या हातून सर्वत्र एकदम जाणाऱ्या चुकीच्या आज्ञेचा धोका. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतात रात्रीचे सव्वानऊ वाजत असताना, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर बंद पडले आणि सहा तासांहून अधिक काळ बंद राहिले. देखभालीच्या कामात डेटा सेंटरांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली आणि तिने ते सारे जाळेच तोडले. अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी-प्रणालीत दोष होता. तिने ती जाऊ दिली. डेटा सेंटर दिसेनाशी होताच कंपनीच्या नाव-पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरनी, ठरल्याप्रमाणे, स्वतःला इंटरनेटवरून मागे घेतले. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना दुरून काही करता येईना. प्रत्यक्ष इमारतीत जाऊन, सुरक्षेचे अडथळे ओलांडून यंत्रांपर्यंत पोचावे लागले.

यातून रचनाकारांनी घेतलेले धडे तीन आहेत. यंत्रांना हात घालण्यासाठी मुख्य जाळ्यावर अजिबात अवलंबून नसलेले, वेगळे व्यवस्थापन-जाळे हवे. कोणताही बदल आधी एका स्विचवर, मग एका गटावर आणि नंतरच सर्वत्र जावा, आणि तो मागे घेण्याची वाट आधी तयार असावी. सर्व स्विचच्या मांडणीची नोंद एका जागी ठेवून ती यंत्रानेच स्विचवर उतरवावी. हाताने केलेले शे-दोनशे सुटे बदल कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

लहान राज्याने काय विचारावे?

गोव्यासारख्या राज्यातील नागरिकाच्या अनेक मागण्यांचे उत्तर मुंबई, पुणे किंवा हैदराबाद परिसरातील यंत्रे देतात. मायक्रोसॉफ्टने पुण्यातील क्लाउड विभाग २०१५ मध्ये, तर ॲमेझॉनने मुंबईतील विभाग २०१६ मध्ये आणि हैदराबादेतील २०२२ मध्ये सुरू केला. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पणजी ते मुंबई केबलचा मार्ग सुमारे ६०० किलोमीटर धरला, तर ये-जा ६ मिलिसेकंदांत होते. म्हणजे अंतर हा मोठा प्रश्न नाही. उत्तराला उशीर होतो तो बहुधा आतल्या कोंडीमुळे, आणि सेवा बंद पडते ती बहुधा पर्यायी वाट नसल्यामुळे.

म्हणून एखादी शासकीय सेवा, सहकारी बँक किंवा रुग्णालय आपले काम डेटा सेंटरकडे सोपवते, तेव्हा सर्व्हर किती आणि जागा किती यांपलीकडचे प्रश्न विचारायला हवेत. एक स्विच गेला तर क्षमतेचा कितवा हिस्सा जातो? राज्यातून केंद्राकडे जाणाऱ्या दोन केबल खरोखर दोन वेगळ्या मार्गांनी जातात का? दुसऱ्या शहरातील पर्यायी केंद्रावर काम हलवण्याचा सराव शेवटचा कधी केला आणि त्याला किती वेळ लागला? मुख्य जाळे पूर्ण बंद असताना दुरुस्ती करणारा माणूस आत कसा शिरणार?

या प्रश्नांची उत्तरे करारात लेखी मागता येतात आणि त्यांसाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. सरावाची तारीख सांगता न येणाऱ्या केंद्राकडे पर्यायी व्यवस्था कागदावरच आहे, असे धरून चालणे शहाणपणाचे.